सत्तावीस नंबरची क्लिप

१

भिकुबाई जाऊन नऊ दिवस झाले होते, पण सोनगीरात तिच्या मरणाबद्दल कुणी बोलत नव्हतं. जो तो बोलत होता तो तिच्या पोराच्या हसण्याबद्दल. पिठाच्या गिरणीत तेच, धुळ्याला जाणाऱ्या रिक्षात तेच. माय घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, चढताना पडली, तिने पोराला फोन लावला, पोराने तो उचलला आणि मायचं ऐकून हसला. गावाला एवढं पुरेसं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला कुठे पुरावा लागतो?

आधार नानांच्या कानावर हे धुळ्यात सहा नंबर गल्लीतच आलं होतं. नाना म्हणजे टेलिफोन खात्यातले जुने लाइनमन. तीस वर्षं खांबावर चढून लोकांच्या तारा जोडल्या आणि निवृत्त झाल्यावर मोबाइल-हेडफोन दुरुस्तीचं चार फुटांचं दुकान टाकलं. स्वभाव तिरसट. 'नाना, हे आपोआप बिघडलं' असं गिऱ्हाईक म्हणालं, की ते वस्तू परत त्याच्या हातात ठेवत. आपोआप काही बिघडत नाही, कुणाचा तरी हात लागलेला असतो, हे त्यांचं एकच शास्त्र होतं आणि ते रोज दहा जणांना ऐकवून त्यांचा घसा कधी बसला नव्हता.

त्या दिवशी दुपारी नवल दुकानासमोर येऊन उभा राहिला. पायांत चप्पल नाही, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भिकुबाईचा हाच तो पोरगा. देवपूरमध्ये अहिराणी विनोदी व्हिडिओ बनवणारी एक मंडळी होती, तिथे तो आवाजाचं काम बघायचा आणि नानांकडे अधूनमधून काहीतरी दुरुस्तीला आणायचा. त्याने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला आणि आलेल्या फोनांची यादी उघडून दाखवली. 'आई, सकाळी ११:०७, तीन मिनिटं बारा सेकंद.'

"नाना, हा फोन मी घेतलेला नाही. त्या वेळी मोबाइल माझ्याजवळ नव्हताच. कुणी घेतला तेवढं शोधून द्या."

मग त्याने बाकीचं सांगितलं. आई उडदाच्या शेंगा वाळत घालायला धाब्यावर चढत होती. निसणी, म्हणजे सोनगीरात शिडीला म्हणतात ती, सरकली. दुपारी दोनला शेजारचे पुना आबा ताक मागायला आले, तेव्हा ती अंगणात पडलेली सापडली. शुद्धीवर होती. आबा नवलला फोन लावू लागले, तर तिने त्यांचा हात धरला. "राहू दे पुना. भाऊले फोन नको करू. मना भाऊ हासना." म्हणजे माझा पोरगा हसला; खानदेशात माय पोराला भाऊच म्हणते, भिकुबाईने तर नवलला नावाने कधी हाक मारली नव्हती. धुळ्याच्या वाटेवर तिने जीव सोडला. पोटात रक्तस्राव झाला होता, बारापर्यंत आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की दोन वाजेपर्यंत तिचा फोन तिच्या हातातच होता. एक आकड्याचं बटण दाबून धरलं की नवलला लागायचा. तिने ते पुन्हा दाबलं नव्हतं.

नवलची बहीण दिपमाला धरणगावला दिलेली. तिने सगळ्या भाऊबंदांसमोर सांगितलं होतं, की हा का हसला ते सांगत नाही तोवर ती या घराचं पाणी पिणार नाही. दोन दिवसांवर गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी, आली होती. नवलला बायको आणि ही बहीण सोडून कुणी उरलं नव्हतं, बाप लहानपणीच गेलेला. बहीणही तुटली तर आईचं म्हणून त्या घरात तो एकटाच उरणार होता.

"मी हसलो नाही, नाना," नवल म्हणाला. "एवढं तिला सांगता आलं पाहिजे."

नानांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. नवल पायरी उतरता उतरता थांबला आणि म्हणाला, की आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या कॉम्प्युटरमधून आईच्या आवाजाची एक क्लिप नाहीशी झालीय. सत्तावीस नंबरची. ज्याने फोन उचलला त्यानेच ती पुसली असणार.

२

देवपूरमधली ती जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत वृषालीचं टेबल, म्हणजे येणाराजाणारा, पत्रव्यवहार आणि चहा बघणाऱ्या मुलीचं. आतली खोली नवलची, भिंतींना आणि दाराला जाड फोम लावलेली. शूटिंग व्हायचं ते गच्चीवर. मालक आणि दिग्दर्शक प्रेमराज, आणि मुख्य कलाकार आकाश, जो लुगडं नेसून माय व्हायचा. मिशी काढायला तो तयार नव्हता, त्यामुळे माय तोंडावर पदर घेऊनच बोलायची, आणि लोकांना तेच आवडायचं.

मायची सगळी वाक्यं मात्र भिकुबाईची. बाईची जीभच तशी होती. पायात काटा रुतला तर 'मना पाय गया रे भाऊ', दूध उतू गेलं तर 'मी बरबाद व्हयनू'. राईचा पर्वत करून सांगायची आणि ऐकणाऱ्याचं पोट दुखायचं. नवल फोनवर बोलता बोलता रेकॉर्डचं बटण दाबायचा आणि ते सगळं कॉम्प्युटरवर जमा करायचा. एकदा त्याने तिला एक व्हिडिओ दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि नंतर फोनवर म्हणाली, "बठ्ठा लोके माले हासतस, भाऊ." सगळे लोक मला हसतात, असं. नवलने तेही रेकॉर्ड केलं होतं. पुढच्या व्हिडिओत ते वाक्य होतं.

हे नवलनेच सांगितलं, खाली मान घालून. नानांना त्याची चीड आली आणि कीवही आली. पण ते चौकशीला आले होते, कान पिळायला नाही.

पहिला संशय आकाशवर होता आणि त्याला कारण होतं. नवलचा फोन कुठे पडलेला दिसला आणि त्यावर 'आई' आलं, की आकाश तो उचलायचा आणि नवलचा आवाज काढून तिच्याशी गप्पा मारायचा. दोनदा पकडला गेला होता. नानांनी विचारलं तेव्हा त्याने ते झटकलं नाही.

"हो, करायचो. मावशीशी बोललं की दोन डायलॉग मिळायचे. पण त्या दिवशी नाही नाना, आईची शपथ."

शपथेवर नानांचा विश्वास नव्हता. प्रेमराजने त्या दिवसाचं शूटिंग काढून दाखवलं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पाटीवर वेळ लिहिलेली. अकरा चारपासून अकरा पंधरापर्यंत एकच लांबलचक प्रसंग, कॅमेरा न थांबवता घेतलेला, आणि त्यात आकाश लुगडं सावरत गच्चीभर पळतोय. कॅमेरा प्रेमराजच्या हातात, मध्ये मध्ये त्याचा ओरडण्याचा आवाज. दोघेही सुटले.

राहिली वृषाली. ती आधीच घाबरून गेली होती. नवलदादांचा मोबाइल तिच्या टेबलावर चार्जिंगला होता, हे तिने मान्य केलं. त्याचं चार्जिंगचं भोक आदल्या दिवशीच नानांनी नीट करून दिलं होतं. फोन थरथरत टेबलावरून घसरायचा म्हणून तिने त्याच्यावर आवक-जावकचं जाड रजिस्टर ठेवलं, वर पेपरवेट ठेवला आणि अकराला खाली चहा आणायला गेली. टपरीवर गर्दी होती. दहा मिनिटांनी ती वर आली.

"रजिस्टर हललं होतं?"

"नाही नाना. पेपरवेटसुद्धा जिथल्या तिथे होता. मी बाहेरून कुलूप लावून गेले होते, गच्चीवरची मंडळी वर होती म्हणून. नवलदादा आत. मी चहा घेऊन आत गेले तर दादा डोळे मिटून खुर्चीत रेललेले, कानांवर हेडफोन, आणि एकटेच हसत होते. कप ठेवला आणि बाहेर आले."

"नवल बाहेर येऊन फोन घेऊन गेला असेल?"

वृषालीने नाही म्हणून मान हलवली. आतलं दार उघडलं की त्या फोमच्या दाराचा जोरात कर्कश आवाज होतो, पण ते सोडा. रजिस्टर ठेवताना तिची बांगडी फुटून त्यावर काच पडली होती, ती तिने मुद्दाम झटकली नव्हती कारण हाताला लागेल. ती काचही तशीच होती.

म्हणजे कुलूपबंद खोली, रजिस्टरखाली दाबलेला फोन, त्याला कुणाचं बोट लागलं नाही, तरी तो उचलला गेला आणि तीन मिनिटं बोलला. प्रेमराज हळूच म्हणाला, कधी कधी मशीन आपोआप उचलतं, नाना.

"आपोआप काही होत नाही," नाना म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळले.

३

नवल कामाचा पक्का होता. ऐकलेल्या प्रत्येक क्लिपची एक ओळ तो वहीत, ऐकण्याच्या क्रमाने नंबर घालून, लिहायचा. नानांनी वही उघडली. पंचवीस, 'बकरीवाली, ठीक.' सव्वीस, 'पावण्यांची, लांबली.' सत्तावीस, 'निसणीवाली. मस्त. हीच ठेवा.' अठ्ठावीस, 'दळणाची.' वहीत ओळी बेचाळीस होत्या. कॉम्प्युटरमधल्या क्लिपा नानांनी दोनदा मोजल्या. एकेचाळीस.

"ही निसणीची काय भानगड?"

गेल्या दिवाळीतही आई निसणीवरून पडली होती, नवलने सांगितलं. काही झालं नव्हतं, कोपर खरचटलं तेवढंच, पण फोनवर तिने जे रामायण सांगितलं त्याला तोड नव्हती. ती क्लिप. नेमकी त्याच दिवशी सकाळी ऐकली होती. ती खाली अंगणात असताना हा इथे तिचीच जुनी पडझड ऐकत बसला होता, हा विचार त्याला झोपू देत नव्हता. आता ती क्लिप त्याला परत ऐकायची होती. तिच्या आवाजात एवढं खरेपण दुसऱ्या कुठल्याच क्लिपमध्ये नव्हतं.

"शेवटी ती काहीतरी बोलते," तो म्हणाला, "ते मला नीट आठवत नाही. नऊ दिवस शोधतोय. ज्याने पुसली त्याने निदान तेवढं तरी ठेवायचं होतं."

पुसलेल्या फाइलींचा डबाही नानांनी उघडून पाहिला. त्यात दोन गाणी होती आणि लाइटबिलाचा फोटो. क्लिप पुसली असती तर तिचा काही माग राहिला असता. नाहीशी व्हायला वस्तू आधी असावी लागते, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

टेबलावर मोठा काळा हेडफोन पडलेला होता. त्या दिवसानंतर तो कुणी लावला नव्हता. नानांनी आपली टोपी काढून ठेवली, हेडफोन कानांवर चढवला आणि बटण दाबलं. आतून बाईचा यांत्रिक आवाज आला, "कनेक्टेड." नाना माऊस पकडणार तोच तीच बाई पुन्हा म्हणाली, "कनेक्टेड."

त्यांनी हेडफोन काढून हातात धरला.

"हा दोनदा बोलतो?"

"हो ना. तुम्ही दुरुस्त केल्यापासून. त्या सकाळी लावला तेव्हापासून असाच अडखळतो. आधी एकदाच बोलायचा. सांगणारच होतो तुम्हाला, पण मग हे सगळं झालं."

नानांनी हेडफोन उलटा करून आपणच जोडलेली पट्टी पाहिली. आपोआप काही बिघडत नाही, कुणाचा तरी हात लागलेला असतो, हे वाक्य त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दुसरं सांगत असल्यासारखं ऐकू आलं.

४

"वृषाली," नानांनी बाहेर हाक मारली, "नवलचा फोन तसाच टेबलावर ठेव, वर रजिस्टर ठेव. दार लाव आणि तुझ्या फोनवरून त्याला फोन कर."

दार बंद झालं. नानांनी हेडफोन लावला, भिकुबाईची बकरीवाली क्लिप सुरू केली आणि नवलसारखे डोळे मिटून मागे रेलले. म्हातारीचा आवाज कानांत खेळू लागला. मग तो मध्येच थांबला. दोनदा 'ट्रिंग' वाजलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, क्लिप अडकली आणि पुढची सुरू होतेय, कारण नवलच्या बऱ्याच क्लिपांच्या सुरुवातीला तसंच 'ट्रिंग' होतं. अडकलेला आवाज सुरू करायला माणूस काय करतो? हेडफोनवरचं बटण दाबतो. नानांनी दाबलं.

"हॅलो, नाना? येतोय का आवाज?" वृषाली त्यांच्या कानात म्हणाली.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. वृषाली गेली आणि बकरी जिथे थांबली होती तिथून पुढे चालू झाली. दार उघडून पाहिलं तर रजिस्टर जागचं हललं नव्हतं.

नानांनी नवलला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. कोर्टात उभं राहिल्यासारखं, एकेक शब्द तोलून. आदल्या दिवशी संध्याकाळी नवलने हेडफोन आणि मोबाइल दोन्ही त्यांच्याकडे टाकले होते, हेडफोनची पट्टी तुटली म्हणून आणि मोबाइलचं चार्जिंग होत नव्हतं म्हणून. हेडफोन नीट झाला की तो हाताशी असेल त्या मोबाइलला जोडून, गाणं वाजवून बघायचं आणि मग ती जोडणी तोडून टाकायची, ही नानांची रीत. त्या दिवशी हाताशी होता तो नवलचाच मोबाइल. जोडला, वाजवला. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक बडबडत आलं आणि तोडायचं राहून गेलं. कॉम्प्युटरशी त्याची जुनी सोयरीक होतीच, आता मोबाइलशीही झाली. सकाळी चालू केल्यावर तो दोन्ही घरी सांगावा देऊन आला, म्हणून दोनदा बोलला. नवलला वाटलं अडखळतो.

"फोन कुणी उचलला नाही, नवल. बाहेर पडलेला फोन या हेडफोनने उचलला. आणि ती गाठ मी मारली होती."

नवलच्या चेहऱ्यावर नऊ दिवसांत पहिल्यांदा थोडं रक्त आलं. म्हणजे आकाशने नाही, वृषालीने नाही, कुणीच नाही. मशीनची चूक झाली. तो उठून उभाही राहिला, हे आत्ताच्या आत्ता दिपमालाला सांगायला हवं म्हणाला.

नानांना वाटलं, इथेच थांबावं. पोराला उठून जाऊ द्यावं. ते थांबलेही. पण नवल दारापर्यंत गेला आणि त्याचा हात कडीवरच राहिला.

"पण नाना," तो म्हणाला, "मग हसलं कोण?"

५

खोटं बोलायला तेवढा एक क्षण होता आणि नानांनी तो वाया घालवला. त्यांनी उत्तराऐवजी प्रश्न विचारला, लाइनमनची सवय, दोष कुठे आहे ते टोकापासून तपासत यायचं.

"हा मोबाइल कधी घेतलास?"

"आखाजीला. मे महिन्यात."

"त्याच्या आधीच्यावर फोन रेकॉर्ड व्हायचे?"

"नाही. म्हणून तर हा घेतला. त्यानंतरच क्लिपा जमवायला..."

"आणि आई निसणीवरून पडली कधी?"

"गेल्या दिवाळी..." नवल म्हणाला.

दिवाळी आधी, आखाजी नंतर. दिवाळीतलं ते रामायण रेकॉर्ड करायला त्याच्याकडे काही नव्हतंच. सत्तावीस नंबरची क्लिप कुणी पुसली नव्हती, ती कधी झालीच नव्हती. त्या खोलीत त्या वेळी एकच माणूस होता आणि वृषालीने त्याला हसताना पाहिलं होतं.

नवल परत येऊन खुर्चीत बसला. त्याने वही पुढे ओढली आणि आपलंच अक्षर वाचलं. मग त्याला शेवट आठवला. आई आधी रडत होती. 'भाऊ, मी पडनू रे. उठता येत नही. कोनी नही आठे.' इथे कुणीच नाही, असं दोनदा, तीनदा, आणि त्यामध्ये शेंगांचं, निसणीचं, शेजारच्या कोंबडीचंही काहीतरी, कारण मरतानाही तिला साधं सांगता येत नव्हतं. आणि मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, 'हासस काय रे भाऊ?'

ते वाक्य ऐकून तो आणखी हसला होता. एवढा चांगला शेवट कुठल्याच क्लिपला नव्हता.

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नवलने तो झटकला नाही आणि त्याला तो जाणवलाही नसावा. बाहेर आकाशला माहीत नव्हतं, तो गच्चीवर जाताना मायच्या आवाजात वृषालीला काहीतरी म्हणत होता. प्रेमराजने त्याला दटावलं तेव्हा तो गप्प झाला.

६

गंधमुक्तीच्या दिवशी नाना सकाळच्याच गाडीने सोनगीरला गेले. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात खोटं असं फारसं नव्हतंही.

अंगणात भाऊबंद बसले होते. निसणी अजून धाब्याला तशीच टेकलेली, कुणी हलवली नव्हती. दिपमाला आली होती, पण उंबऱ्याच्या आत नाही. दारासमोर निंबाखाली उभी होती, धरणगावहून आणलेली पाण्याची बाटली हातात घेऊन.

नानांनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि सांगितलं. हेडफोन, मोबाइल, न तोडलेली गाठ. अर्ध्यांना कळलं नाही, पण म्हातारा माणूस रडवेला होऊन चूक कबूल करतोय हे सगळ्यांना कळलं. पुना आबा म्हणाले, म्हणजे फोन उचलला गेला पण पोराला पत्ताच नव्हता, अशी गत झाली. हो, नाना म्हणाले, तशीच गत झाली. एक जण म्हणाला, मशीनवर भरवसा ठेवूच नये. दुसऱ्याने त्याला मान डोलावली. इतके दिवस ज्या गावाने नवलला फाडून खाल्लं होतं ते गाव बघता बघता मशीनवर घसरलं.

दिपमालाने बाटली खाली ठेवली. नवलच्या बायकोने, सपनाने, तांब्याभर पाणी आणलं. दिपमालाने ते हातात घेतलं. नवल दारात उभा होता, तिने त्याच्याकडे पाहिलं, दहा दिवसांत पहिल्यांदाच. मग तांब्या तोंडाशी नेता नेता तिने विचारलं, रागाने नाही, सहज, जसं उरलेलं एखादं काम विचारावं तसं.

"मंग हासना कोन?"

नाना लगेच पुढे झाले. लाइनमध्ये कधी कधी खरखर होते, बाहेरचे आवाज येतात, असं काहीतरी ते बोलू लागले. नवल एक पायरी उतरला.

"मी हासनू, अक्का," तो म्हणाला. "मन्ह्या कानमा होती माय. मी ऐकनू आनि हासनू."

दिपमालाने तांब्या खाली ठेवला. थेंबही सांडू न देता, नीट, पायरीच्या कडेला. मग आपली बाटली उचलली आणि हमरस्त्याच्या दिशेने चालू लागली. सपना तिच्या मागे चार पावलं गेली आणि परत आली.

विधी झाले. जेवणं कुणाच्या घशाखाली उतरली नाहीत, पण उठायचं कसं म्हणून लोक बसून राहिले. संध्याकाळी नाना निघाले तेव्हा नवल त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. रस्त्यावर ट्रक धडधडत जात होते. गाडी येताना दिसली तेव्हा त्याने विचारलं.

"नाना, वहीत ते लिहिताना मी मोठ्याने म्हणालो होतो, मस्त, हीच ठेवा. हेडफोनचा माइक चालू होता. तिला ते ऐकू गेलं असेल?"

नानांनी तीस वर्षं लोकांच्या लाइनी तपासल्या होत्या. बटण दाबेपर्यंत लाइन चालू असते, हे त्यांना ठाऊक होतं.

"नाही," ते म्हणाले. "तोवर फोन कट झाला होता."

नवलने मान डोलावली आणि त्यांना गाडीत चढायला हात दिला. त्याने आधी लिहिलं होतं आणि मग बटण दाबलं होतं, हे त्याला आठवत होतं.